त्याच्याच हाताला येणारं नाव

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्याचा, कोणता पंच कुठे उलटला, सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र तसं झालं नाही. ते आठवलं की आजही भर उन्हाळ्यात अंगावर गार वारा आल्यासारखं होतं. त्यातल्या कोणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात माझ्याकडे बेपत्ता व्यक्ती आणि बेवारस मृतदेह यांचं काम होतं. हे काम कोणाला आवडत नाही. रेल्वे रुळावर, तलावात, धर्मशाळेच्या ओट्यावर माणूस मेलेला सापडतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते, फोटो निघतो, आणि मग तो चेहरा कोणाचा हे शोधायचं. दुसऱ्या बाजूला लोक येत असतात. कोणाचा मुलगा, कोणाची आई, कोणाचा नवरा घरातून गेला तो आलाच नाही. या दोन्ही बाजू एकमेकींना जुळवायच्या. आमचा हवालदार बोटाला थुंकी लावून जाडजूड रजिस्टरं उलटायचा आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच जुळायचं.

त्या वर्षी प्रयोगादाखल आम्हाला एक कॉम्प्युटर मिळाला. त्याच्यासाठी मागच्या बाजूची एक खोली रिकामी केली. आधी तिथे बेवारस मृतांच्या फोटोंचे अल्बम ठेवलेले असत. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवला, एसी बसवला, आणि चपला-बूट बाहेर काढायचा नियम केला. मे महिन्यात बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसत नसे, आणि आत शिरलं की तळपायांना फरशी गार लागायची. देवळात जातानाच पोलीस अनवाणी असतो. त्यामुळे त्या खोलीत सगळे आपोआप हळू बोलायचे.

प्रोग्राम लिहायचं काम धरमपेठेतल्या एका खाजगी कॉम्प्युटर क्लासला दिलं होतं. तिथून एक मुलगी यायची. पंचविशीची असेल. सुती सलवार-कुर्ता, केसांची घट्ट वेणी, मोपेडवर यायची आणि कामाशिवाय बोलायची नाही. यंत्र काय करतं हे तिनं मला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं.

"सर, यात आधीपासून लिहून ठेवलेला प्रश्न एकही नाही," ती म्हणाली. "पडद्यावर रकाने येतात. शोध घेणाऱ्याचा बक्कल नंबर, मग स्त्री की पुरुष, वय, उंची, कपडे, अंगावरची खूण. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच भरायचं. प्रोग्राम त्या तुकड्यांचं वाक्य जोडतो. पुरुष, आणि वय साठच्या आसपास, आणि उजव्या हातावर गोंदण. रिकामा सोडलेला रकाना वाक्यात येतच नाही. शेवटी ते पूर्ण वाक्य यंत्राला हुकूम म्हणून जातं."

"म्हणजे दर वेळी प्रश्न नवा?"

"दर वेळी नवा. विचारणारा जसा भरेल तसा."

मला हे आवडलं. चौकशीत आम्हीही दुसरं काय करतो? हाताशी असलेले तुकडे जोडून प्रश्न तयार करतो.

यंत्रावर बसायला मी आमच्यातला सगळ्यात भरवशाचा हवालदार निवडला. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, अक्षर सुंदर, कधी रजा नाही. बरीच वर्षं वेगवेगळ्या ठाण्यांत ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसलेला. त्याच मुलीनं त्याला एकेक कळ दाबायला शिकवलं. तो तिला "मॅडम" म्हणायचा आणि स्वतःच्या डब्यातला लाडू तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. ती घ्यायची नाही.

काम सुरू झालं, दोन-तीन प्रेतांची ओळख खरोखर पटली, वरिष्ठ येऊन पाहून गेले. आणि मग एक दिवस हा हवालदार माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, मले इथून काढा. ट्रॅफिकले टाका, लाईनीत टाका, कुठीबी टाका."

"का? काय झालं?"

त्यानं टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "ते मशीन मले ओळखते."

मी हसलो नाही. तीस वर्षं वर्दीत काढलेला माणूस असं बोलतो तेव्हा हसू येत नाही. त्याचे गाल बसले होते आणि वर्दी खांद्यावर ढिली झाली होती, हे मला तेव्हाच दिसलं.

"मी कोणाचंही विचारलं तरी एक नाव येते, साहेब. म्हाताऱ्याचं विचारलं तरी येते, पोराचं विचारलं तरी येते. दुसरा बसला तं नाही येत."

"कोणाचं नाव?"

"एका बाईचं," तो म्हणाला.

दुपारची वेळ होती. मी त्याला घेऊन मागच्या खोलीत गेलो. आदल्या दिवशी रुळावर एक वृद्ध सापडला होता, त्याचीच माहिती भरायला सांगितली. पुरुष, वय साठच्या पुढे, पांढरं धोतर. त्यानं भरलं. प्रिंटर करकर आवाज करत चालू झाला. हवालदारानं पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "मी पाहत नाही साहेब. तुम्ही पाहा. त्यात ती राहील."

कागद बाहेर आला. दोन वृद्धांची नावं होती. आणि त्यांच्यामध्ये एक ओळ: स्त्री, वय बावीस, राहणार प्रताप नगर, काही वर्षांपूर्वी बेपत्ता.

मी त्याला उठवून स्वतः बसलो. तेच रकाने, तीच माहिती. या वेळी कागदावर फक्त दोन वृद्ध आले. पुन्हा त्याला बसवलं. ती आली. लहान मुलाची माहिती भरायला लावली, ती त्यातही आली.

दाराबाहेर दोन शिपाई उभे होते. त्यांना सगळं आधीच माहीत होतं असं दिसलं. एकानं प्रिंटरच्या मागे लिंबू ठेवलं होतं ते मला त्याच दिवशी सापडलं. दुसरा मला हळूच म्हणाला, "साहेब, या खोलीत इतक्या मेलेल्यांचे फोटो होते. एखादं राहिलं असन इथंच."

मी देव मानतो, भुतं मानत नाही. पण खरं सांगतो, त्या दुपारी मान वळवून मागे पाहावंसं वाटत होतं.

मी सगळ्यांना बाहेर काढलं, हवालदाराला चहाला पाठवलं आणि एकटाच यंत्रासमोर बसलो. माहिती तीच असेल, यंत्र तेच असेल, तर फरक कुठे आहे? पडद्यावरच्या पहिल्या रकान्याकडे माझं लक्ष गेलं. तिथे मी माझी खूण टाकली होती आणि तो त्याचा बक्कल नंबर टाकत होता. मी त्याचा नंबर टाकला. बाकी रकाने तसेच.

प्रिंटर चालला. ती आली.

त्या क्षणी माझी भीती गेली आणि संशय आला. यंत्र त्याच्या हाताला ओळखत नव्हतं. त्याच्या नंबराला ओळखत होतं. आणि नंबर ओळखायला यंत्राला कोणीतरी शिकवलं होतं.

पण हाच नंबर का? मी त्या बाईच्या बेपत्ता नोंदीची जुनी फाईल मागवून घेतली. चार कागद होते. नवऱ्यानं तक्रार दिली होती की बायको घरातून न सांगता निघून गेली. शेजाऱ्यांचे एकसारखे जबाब. शेवटी अहवाल: सदर महिला स्वमर्जीने निघून गेल्याचे दिसून येते, तपास थांबविण्यात येत आहे. खाली सुंदर अक्षरात सही आणि बक्कल नंबर. तोच.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या मुलीला बोलावलं. महिला शिपायाला बाजूला बसवलं. छापलेले दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले, एक माझ्या खुणेचा, एक त्याच्या नंबराचा. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त ओढणी सारखी केली.

"एवढे दिवस लागले तुम्हाला," ती म्हणाली.

"तुम्ही पोलिसांच्या कामात ढवळाढवळ केली आहे. हा गुन्हा होतो, कळतं ना?"

"कळतं सर. म्हणून तर मी पळून गेले नाही."

मी तिला यंत्रासमोर बसवलं. तिनं प्रोग्राम उघडला आणि ती ओळ दाखवली. मला इंग्रजी वाचता येत होतं, पण अर्थ तिनं सांगितला. "वाक्य जोडून झालं की प्रोग्राम पाहतो, विचारणारा कोण आहे. हा नंबर असेल तर शेवटी एक तुकडा आणखी जोडतो. किंवा, नाव अमुक. बाकीचे तुकडे 'आणि'नं जोडलेले असतात, त्यांनी शोध आवळत जातो. या एका 'किंवा'नं ती आत येते. काहीही विचारलं तरी येते."

"आणि हे कशासाठी?"

"मी खोटं काही लिहिलेलं नाही, सर. ती हरवलेलीच आहे. यंत्र तिचं नाव दाखवतं, एवढंच."

मग ती सगळं बोलली. ती बाई तिची कॉलेजातली मैत्रीण होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा बांधकामावर सुपरवायझर, बाहेर अत्यंत गोड बोलणारा. घरात दार लावून मारायचा. एका संध्याकाळी तिनं धीर केला आणि तक्रार द्यायला ठाण्यात आली. मैत्रिणीला सोबत आणलं, पण फाटकाशी थांबवलं. "तू घरी गेलीस की तुझे वडील रागावतील. तुझं नाव यात नको," म्हणाली.

"मी फाटकाशी उभी होते. बऱ्याच वेळानं तिचा नवरा स्कूटरवर आला. आत गेला. थोड्या वेळानं दोघं बाहेर आले. तो हवालदार दारापर्यंत सोडायला आला होता, हसत होता. ती स्कूटरवर मागे बसली. माझ्याकडे पाहिलं तिनं. हाक मारली नाही. मला वाटलं, पोलिसांनी समज दिली असेल, मिटलं असेल."

तिचा आवाज बदलला नाही, पण ती प्रिंटरच्या कागदाच्या कडेची भोकं एकेक करून फाडत होती.

"ती गेल्याचं कळल्यावर मी ठाण्यात जाऊन हे सांगितलं. यांनाच सांगितलं. हे म्हणाले, बाई, दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नको, तुझं लग्न व्हायचं आहे. काही लिहून घेतलं नाही. घरी वडिलांनी पुन्हा तिकडे जायचं नाही म्हणून बजावलं. मग एवढ्या वर्षांनी मी इथे कामाला आले आणि हे समोर. सर, त्यांनी मला ओळखलंच नाही. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना शिकवत होते, आणि त्यांना मी आठवत नव्हते. मला वाटलं, निदान ती तरी त्यांना आठवत राहू दे."

मी तिला त्या दिवशी ती ओळ काढू दिली नाही. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम दिला आणि तिचा रीतसर जबाब घेतला.

हवालदाराला मी त्याच खोलीत बोलावलं. बसायला खुर्ची दिली. खालच्या माणसाची चौकशी करताना साहेब सहसा आवाज चढवतात. मी उलट करतो. मी त्याची जुनी फाईल त्याच्यासमोर ठेवली आणि गप्प बसलो. एसीचा आवाज सोडला तर खोलीत काही नव्हतं. पोलिसाला शांतता सहन होत नाही, कारण ती कशासाठी असते हे त्याला ठाऊक असतं.

शेवटी मी विचारलं, "त्या संध्याकाळी तू तिला काय विचारलंस?"

त्यानं नाकारलं नाही. डोळे मिटून घेतले.

"जे सगळ्यांले विचारतो तेच, साहेब. नवरा काय करते, कुठी राहते, दारू पेते का. ती म्हणे, पेत नाही. मंग मी म्हटलं, चांगल्या घरची दिसतेस, ठाण्याची पायरी काहून चढलीस? तिच्याच तोंडून नवऱ्याच्या कामावरचा फोन नंबर घेतला आणि लावला. तो आला. मानूस सभ्य वाटला. मले साहेब साहेब करत होता. म्हणे, डोक्यानं जरा कमजोर आहे."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. बोललीच नाही त्याच्यासमोर."

"मग निघाली मुकाट्यानं?"

त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "तिनं टेबल धरून ठेवला होता साहेब. दोन्ही हातांनी. मी तिचे हात सोडवले. एकेक बोट सोडवलं. म्हटलं, जा बाई, घरी जा, संसार असाच राहते."

मी काही लिहिलं नाही. लिहावंसं वाटेना.

"दुसऱ्या दिवशी तोच आला, बायको निघून गेली म्हणून सांगाले. मी तेव्हाच समजलो साहेब. त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजलो. पन ती ठाण्यात आली होती हे लिहिलं असतं तं पहिला सवाल मलेच आला असता. म्हणून तिचं येणंच कागदावर नाही घेतलं." त्यानं यंत्राकडे पाहिलं. "इथं आल्यावर ती यायले लागली."

मी त्याला ती 'किंवा'ची ओळ सांगितली. त्या मुलीनं लिहिली आहे, भूत वगैरे काही नाही, हेही सांगितलं. मला वाटलं होतं, तो सुटल्यासारखा होईल किंवा चिडेल. तो फक्त म्हणाला, "कोणीबी लिवली असन साहेब. मी पाहिलं तिले." आणि त्याच खुर्चीत बसून त्यानं पूर्ण जबाब दिला, स्वतःविरुद्ध जाणारा एक शब्दही न वगळता.

पुढचं काम सरळ होतं. नवऱ्याचा दावा असा होता की त्या संध्याकाळी त्यानं बायकोला पाहिलंच नाही, तो कामावरून आला तेव्हा घर रिकामं होतं. आता दोन माणसं सांगत होती की तो तिला ठाण्यातून स्वतः घेऊन गेला. त्याला आणलं. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. तो तासभर मला समजावत राहिला की बायकांचं मन कसं चंचल असतं. मी त्याला दोन्ही जबाब वाचून दाखवले. ठाण्याच्या दारात हवालदार हसत उभा होता, ती स्कूटरवर मागे बसली, इथपर्यंत आलो आणि त्यानं पाणी मागितलं. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मनीषनगरला प्लॉट आहे माझा."

मनीषनगर तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. मोकळी शेतं, मध्येच एखादं अर्धवट घर. बायको बेपत्ता झाली त्या वेळी त्याच्या घराचं बांधकाम इथे चालू होतं, आणि संडासाच्या टाकीसाठी खड्डा खणलेला होता. त्यानं तो बुजवून टाकी दुसरीकडे केली आणि या जागी सिमेंटचा ओटा बांधला. दंडाधिकारी, पंच, डॉक्टर यांच्यासमोर आम्ही ओटा फोडला. बराच खाली गेल्यावर आधी काचेच्या बांगड्यांचे तुकडे आले. शेजारच्या घरातली एक म्हातारी कुंपणापाशी उभी राहून पाहत होती. ती माझ्या शिपायाला म्हणाली, "रोज संध्याकाळी तो याच ओट्यावर बसून पेपर वाचे, बाप्पा. मी कितींदा त्याले चहा दिला इथं."

खून आणि पुरावा नष्ट करणं, दोन्ही कलमं लागली. सत्र न्यायालयात त्याला जन्मठेप झाली.

त्या मुलीबद्दल मी अहवालात जे झालं तेच लिहिलं. वरिष्ठांनी तिच्यावर गुन्हा नोंदवला नाही, पण क्लासचं काम काढून घेतलं. जाण्याआधी ती येऊन माझ्यासमोर बसली आणि ती ओळ तिनं पुसून टाकली. मग मी हवालदाराचा नंबर टाकून एका वृद्धाचा शोध घेतला. फक्त वृद्धांचीच नावं आली. आम्ही दोघंही कागदाकडे पाहत राहिलो. खोलीतून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं, आणि ते तिलाही वाटलं असावं, कारण तिनं दाराकडे पाहिलं. जाताना तिनं नमस्कार केला नाही, मीही अपेक्षा केली नाही.

खटल्यात हवालदार सरकार पक्षाचा साक्षीदार होता. खात्यानं त्याला बडतर्फ केलं होतं, तो साध्या कपड्यात आला. साक्ष झाली, तो बाहेर व्हरांड्यात आला, तेव्हा तिथे बाकावर त्या मारल्या गेलेल्या बाईची आई बसली होती. उमरेडकडच्या एका खेड्यातून आलेली, नऊवारी नेसलेली, सोबत तिचा दीर. साक्ष सुरू असताना ती आत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती त्याला शिव्या घालेल, मी मध्ये जायच्या तयारीत उभा राहिलो. ती उठली, त्याच्यासमोर गेली, आणि अगदी साध्या आवाजात, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं तिनं विचारलं,

"भाऊ, माही लेक टेबल धरून होती, तं तुमी तिचे हात काहून सोडवले?"

तो तिच्या पायांकडे पाहत उभा राहिला. ती थांबली. दिरानं तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं तेव्हाही ती वळून वळून त्याच्याकडे पाहत होती.

मी पुढे दोन ठाण्यांचा प्रमुख होतो. पोलिसाला आरोपीला प्रश्न कसे विचारायचे हे शिकवतात. दारात आलेल्या बाईला काय विचारायचं हे कोणी शिकवत नाही, म्हणून तो आपल्या घरात जे ऐकलं तेच विचारतो: नवरा काय करतो, घरी का नाही राहत. या प्रश्नांची उत्तरं कितीही खरी असली तरी त्यातून ती बाई सापडत नाही, कारण प्रश्नात ती नसतेच. माझ्या ठाण्यांत मी एक नियम केला होता. तक्रार घ्यायला बसलेल्यानं आधी बाईला पाणी द्यायचं आणि पहिला प्रश्न एकच विचारायचा: बाई, तुम्हाला आज घरी जायचं आहे का?

नव्या शिपायांना याचं हसू यायचं. मी कारण सांगत नसे. पण त्या प्रश्नावर एखादी बाई आधी गप्प राहून मग मान हलवून "नाही" म्हणायची, तेव्हा तिचे हात टेबलावर कुठे आहेत ते मी पाहत असे.